फोन उलटा धरा: एचओ लेआउटचे फोटो

एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेचं १:८७ हे माप; लेआउट म्हणजे त्या मापात मांडलेले रूळ, स्टेशन, डोंगर. साडेपाच फुटी माणूस या मापात जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल ते फोटोत हवं, तर लेन्स जमिनीपासून दोन सेंटिमीटरच्या आत हवी. आपण उभ्याने काढतो, म्हणून लेआउट विमानातून टिपल्यासारखा दिसतो. मग कितीही खर्च केलेला असो, खेळणं ते खेळणंच.

डीएसएलआर लेआउटवर टेकवला तरी लेन्सचा मध्य बुडापासून चार-साडेचार सेंटिमीटर वर राहतो. मापात ते साडेअकरा ते तेरा फूट, म्हणजे पहिल्या मजल्याची खिडकी. फोन इथे सरस: उलटा धरला की कॅमेरा खालच्या कडेला येतो आणि लेन्स जवळजवळ फलाटाला टेकते. मागे तांदळाची छोटी पुरचुंडी लावली की फोन हलत नाही. बटणाला हात न लावता तीन सेकंदांचा टायमर लावा.

मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मात्र बंद. खरी गाडी पन्नास फुटांवरून बघताना इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं. पुढचं-मागचं धूसर झालं की डोळा लगेच ओळखतो, वस्तू लहान आहे आणि जवळ आहे. मोठ्या कॅमेऱ्यात एफ/२२ वर जाऊन, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, हे सुटत नाही; डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. त्यात एफ/८, आयएसओ १०० ठेवा आणि फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक फोटो बनवा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही मॅन्युअल. सगळ्यात जवळच्या खडीपासून सुरुवात करून फोकस थोडा थोडा मागे सरकवत १२ ते १५ फ्रेम घ्या. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा ॲपमध्ये अशा फ्रेम आपोआप घेणारं फोकस ब्रॅकेटिंग आहे, पण ते सगळ्याच फोनवर चालत नाही. जोडणी हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोटोशॉपच्या ऑटो-ब्लेंडने. फोकस बदलताना चित्र किंचित लहान-मोठं होतं, म्हणून कडेला दहा टक्के जागा मोकळी सोडा. सिग्नलच्या खांबाभोवती फिकट वलय आलं, तर तेवढा भाग मूळ फ्रेममधून घेऊन रंगवावा लागतो. याला इलाज नाही.

प्रकाश एकच हवा. सूर्य एक असतो, सावलीही एकच. खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही चालू असले की प्रत्येक खांबाला दोन रंगांच्या दोन सावल्या पडतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून २० वॉटचा पांढरा एलईडी आणि होल्डर आणा, दीड-दोन मीटर लांबून, तिरपा लावा. जवळ आणला तर फोटोत पुढचा डबा पांढराफटक पडतो, मागचा अंधारात जातो, सावल्याही पंख्यासारख्या फाकतात. सावली फार काळी वाटली तर समोरून थर्मोकोलचा तुकडा धरा. लेआउट उचलता येण्याजोगा असेल तर सरळ गच्चीवर न्या. सकाळी आठचं ऊन फुकट आहे आणि कुठल्याही दिव्यापेक्षा चांगलं आहे. मागे आभाळ म्हणून मॅट निळसर-करडा कार्डशीट, सीनपासून दोन फूट लांब, म्हणजे आभाळावर झाडाची सावली पडणार नाही.

दोन सेंटिमीटरवरून सगळं उघडं पडतं. रुळावरून उतरलेलं एक चाक (हे हमखास असतं, वरून कळतच नाही), फलाटावरच्या माणसाच्या पायाशी चमकणारा गोंद, टपावरचा धुळीचा केस. मऊ ब्रश आणि ब्लोअर फिरवा. रुळाचा माथा चकचकीत ठेवा, बाजू गंजाच्या रंगाने रंगवा.

आणि तपशील. वायरखाली धावणाऱ्या इलेक्ट्रिक इंजिनाचा पँटोग्राफ (वायरला टेकणारा टपावरचा सांगाडा) वर हवा. भोर घाटात पुण्याकडे चढणारी जुन्या पद्धतीची लांब गाडी दाखवत असाल, तर मागे बँकर इंजिनं, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लावा. पुण्यात फोटो दाखवणार असाल तर आधी तेच विचारतील.