डी ड्राइव्हचा शेवटचा सेक्टर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमधून सकाळी साडेनऊला फोन आला. "मशीनचा पीसी चालू होईना झालाय. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्यात, पुढं काय हलंना." ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. वर 'एरर: अननोन फाइलसिस्टिम', खाली 'ग्रब रेस्क्यू'.

निम्मं निदान इथंच झालं. ग्रब म्हणजे पीसी चालू होताना लिनक्स किंवा विंडोज उठवणारा प्रोग्रॅम. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, कुठला भाग कुठून कुठवर ते टेबलात लिहिलेलं असतं, आणि फाइलसिस्टिम म्हणजे त्या भागात फायली मांडायची पद्धत. ओळ 'नो सच पार्टिशन' अशी असती तर ग्रब ज्या पार्टिशनवर आपल्या फायली शोधतो ते टेबलातून गेलंय असा अर्थ निघाला असता. 'अननोन फाइलसिस्टिम' म्हणजे त्या नंबरचं पार्टिशन आहे, पण आत लिनक्स नाही. कुणीतरी पार्टिशनांचे नंबर इकडचे तिकडं केले की असं होतं. तसं विचारल्यावर मालक म्हणाले, "भाच्यानं काल रात्री जागा वाढवली म्हणं." पीसी बंद ठेवा, विंडोजची सीडी घालू नका, एवढं सांगून निघालो. ती सीडी दुरुस्ती करताना डिस्कच्या पहिल्या सेक्टरातला (सेक्टर म्हणजे डिस्कचा ५१२ बाइटांचा तुकडा) बूट कोड बदलते, विंडोज उठवते, आणि मग विंडोज विचारतं की डी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का. घाबरलेला माणूस तिथं 'हो' म्हणून जातो.

शॉपमध्ये जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटर बसवून तीन अक्ष चालवतात. मशीन चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्स-सीएनसी, पॅरलल पोर्टमधून दर २५ ते ५० मायक्रोसेकंदांनी मोटरला पल्स सोडतो, म्हणून 'दुसरा पीसी आणून लावा' हे इतकं सोपं नाही. पल्स वेळेवर सुटतात का हे बघायला प्रत्येक बोर्डाची लेटन्सी टेस्ट घ्यावी लागते. त्याच डिस्कवर विंडोज ७, आणि डी ड्राइव्हवर गिऱ्हाइकांची आठ वर्षांची ड्रॉइंग्ज. डिस्क ५०० जीबीची, म्हणजे ९७६७७३१६८ सेक्टर. मालकांचा प्रश्न एकच होता: "डेटा हाय का गेला, तेवढं पहिल्यांदा सांगा."

भाचा डिप्लोमाला आहे. त्यानं केलेलं सगळं क्रमानं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि त्यामुळं दोन तास वाचले. लिनक्समध्ये जागा संपल्याचा मेसेज येत होता. त्यानं चालू लिनक्समधूनच एफडिस्क (टेबल बदलायची आज्ञा) उघडलं, ३०० जीबीचं पाचवं पार्टिशन, म्हणजे डी, डिलीट केलं, त्याच जागी २०० जीबीचं नवं बनवलं आणि उरलेल्या १०० जीबीचं आणखी एक. मधे एफडिस्कनं विचारलं, 'या पार्टिशनवर एनटीएफएसची खूण आहे, काढून टाकू का?' एनटीएफएस ही विंडोजची फाइलसिस्टिम, डीवर तीच होती. त्यानं वाय दाबलं. शेवटी डब्ल्यू दाबून टेबल लिहिलं. डिस्क वापरात असल्यानं नवं टेबल रीस्टार्टनंतरच लागू होईल असा मेसेज आला. नवं पार्टिशन लगेच दिसलं नाही, म्हणून फॉरमॅट करायचं राहिलं. आमचं नशीब या एका मेसेजवर होतं.

एफडिस्क टेबलातले आकडे बदलतं, आतली फाइलसिस्टिम लहान-मोठी करत नाही. घराचं कुंपण आत सरकवलं म्हणून घर आकसत नाही, भिंती कुंपणाबाहेर राहतात. लहान करायचं असेल तर आधी फाइलसिस्टिम लहान, मग पार्टिशन. मोठं करायचं असेल तर आधी पार्टिशन, मग फाइलसिस्टिम. एनटीएफएस असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधलं 'श्रिंक' हे दोन्ही योग्य क्रमानं करतं, आणि माझा भरवसा त्यावरच आहे.

नंबर का हलले, तेही इथंच सांगतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या सेक्टरातल्या ५१२ बाइटपैकी ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट टेबलला आणि २ सहीला. त्या ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात, म्हणून पुढची पार्टिशनं एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या पार्टिशनच्या आत साखळीनं जोडलेली असतात आणि त्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. साखळीतलं पाचवं डिलीट झालं की सहावं पाच होतं, सातवं सहा होतं, नवीन आलेली शेवटी सात-आठ होऊन बसतात. लिनक्स सहावर होतं ते पाचवर आलं आणि सहावर आला स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की लिनक्स वापरतं ती जागा. ग्रबच्या गाभ्यात 'पहिली डिस्क, सहावं पार्टिशन' असं लिहिलेलं होतं. तो स्वॅपमध्ये डोकावला आणि त्याला काही कळलं नाही.

रेस्क्यूच्या ओळीवर 'एलएस' (आत काय आहे ते दाखवणारी आज्ञा), मग कंसात 'एचडी०, एमएसडॉस५' आणि तिरकी रेघ दिली, तर होम, ईटीसी, बूट अशी नावं आली. लिनक्स शाबूत. तिथूनच प्रिफिक्स, म्हणजे ग्रबच्या फायलींचा पत्ता, पाचवर वळवून, 'नॉर्मल' मॉड्यूल लोड करून मेनू आणता आला असता. पण तसं केलं नाही. चुकीच्या टेबलावर सिस्टिम उठवली की ती लिहायला सुरू करते. डेटा अडकलेला असताना मूळ डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही, याला माझ्याकडं अपवाद नाही.

डिस्क काढली. डिस्क स्वतःच ठेवते त्या स्मार्ट नोंदीत रीअलोकेटेड आणि पेंडिंग, म्हणजे खराब आणि संशयित सेक्टर, दोन्ही शून्य. १ टीबीची नवी डिस्क लावून डीडीरेस्क्यूनं सगळी सेक्टरला सेक्टर उतरवली; पावणेदोन तास लागले, पीसी यूपीएसवर ठेवून. जुनी डिस्क कागदात गुंडाळून कपाटात गेली. पुढचं सगळं नव्या डिस्कवर.

लिनक्स आणि स्वॅपची सुरुवात-शेवट बदललेली नव्हती, ते आकडे आताच्या टेबलातूनच मिळाले. डीची सुरुवातही तीच होती, सेक्टर २०९९२४०९६, कारण भाच्यानं एफडिस्कनं सुचवलेला आकडा तसाच घेतला होता. हवा होता फक्त डीचा खरा आकार. '३०० जीबी' हे माणसांचं बोलणं झालं. टेबलाला सेक्टरचा आकडा लागतो. तो एनटीएफएसनं स्वतःच लिहून ठेवलेला असतो, पहिल्या सेक्टरात, ४० व्या बाइटपासून आठ बाइटांत (मोजणी शून्यापासून). हेक्समध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या आकड्यांत, उघडलं तर तिसऱ्या बाइटपासून जिथं 'एनटीएफएस' आणि चार स्पेस असायला हव्यात तिथं आठ शून्यं. त्या 'वाय'नं हे पुसलं होतं. ४० वर मात्र एफएफ, एफएफ, ७एफ, २५ आणि पुढं चार शून्यं जशीच्या तशी. उलट क्रमानं वाचायचं: २५७एफएफएफएफएफ, म्हणजे ६२९१४५५९९. पार्टिशन याहून एक सेक्टर मोठं असतं, कारण अगदी शेवटच्या सेक्टरात या पहिल्या सेक्टरचीच प्रत ठेवलेली असते. म्हणून ६२९१४५६००, आणि शेवटचा सेक्टर ८३९०६९६९५. तो उघडला. 'एनटीएफएस', चार स्पेस, सगळं जागेवर. आकड्याची खात्री याहून चांगली होत नाही. मालक मागं उभेच होते, त्यांना स्क्रीनवरची ती चार अक्षरं दाखवली.

सध्याचं टेबल एसएफडिस्कनं टेक्स्ट फाइलमध्ये उतरवलं. डी पाच, लिनक्स सहा, स्वॅप सात अशा ओळी मांडल्या, डीचा आकार बदलला, १०० जीबीची ओळ काढली आणि फाइल परत लिहिली. पार्टिशनवरच्या खुणा पुसू नकोस असा पर्याय स्पष्ट देऊन. मग डीचा बिघडलेला पहिला सेक्टर वेगळ्या फाइलमध्ये जपून, शेवटच्या सेक्टरातली प्रत डीडीनं त्यावर ठेवली. टेस्टडिस्क या प्रोग्रॅममध्येही हे होतं: अ‍ॅडव्हान्स्ड, मग बूट, मग बॅकअप बीएस. आकडे हातात होते म्हणून मी हातानं केलं. डी रीड-ओन्ली माउंट केला, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडला, आणि फोल्डर आले.

बरेच जण इथं थांबतात. पण साखळीच्या पद्धतीत एक खाच आहे. प्रत्येक नव्या लॉजिकल, म्हणजे साखळीतल्या, पार्टिशनची नोंद त्याच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात, सुरुवातीच्या २०४८ सेक्टर अलीकडं लिहिली जाते. त्या १०० जीबीच्या पार्टिशनची नोंद पडली होती सेक्टर ६२९३५४४९६ वर, आणि ती जागा जुन्या डीच्या पोटातली. म्हणजे फॉरमॅट न होताही डीवरचे ५१२ बाइट गेलेले. डीच्या सुरुवातीपासून मोजलं तर सेक्टर ४१९४३०४००, आठ सेक्टरचा एक क्लस्टर, म्हणजे क्लस्टर ५२४२८८००. डी अनमाउंट करून एनटीएफएसक्लस्टर या आज्ञेला विचारलं, हा क्लस्टर कुठल्या फाइलचा? उत्तर आलं: २०१९ च्या ड्रॉइंग्जची झिप.

झिपमध्ये प्रत्येक फाइलचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, असतो, त्यामुळं बिघाड नेमका शोधता येतो. टेस्ट लावली, सगळ्या फायली 'ओके', एक नापास. पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग. मालकांनी नाव बघितलं आणि म्हणाले, "ते मेलवर पाठवलंय की गिऱ्हाइकाला." पाठवलेल्या मेलमध्ये निघालं. हा शोध घेतला नसता तर दोन वर्षांनी ती झिप उघडताना एरर आली असती आणि दोष भलत्यालाच लागला असता.

डीवरचा सगळा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मगच विंडोजमधून चेकडिस्क, म्हणजे फाइलसिस्टिमची तपासणी आणि दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नये. आकार चुकीचा असताना दुरुस्ती चालवली तर ती चुकीच्या आकारालाच खरं धरते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमची फक्त तपासणी, दुरुस्तीशिवाय, क्लीन निघाली. ग्रबला हातही लावावा लागला नाही. लिनक्स पुन्हा सहावर आल्यावर मेनू आपोआप आला, विंडोजची ओळही खाली होती.

लिनक्स-सीएनसीची सेटिंगची आयएनआय फाइल उघडून एक्स अक्षाचा स्केल, म्हणजे मिलिमीटरला किती स्टेप, बघितला: ४००. २०० स्टेपची मोटर, १० मायक्रोस्टेप, ५ मिलिमीटर पिचचा स्क्रू, हिशेब जुळतो. होमिंग केलं, म्हणजे अक्ष मूळ जागी नेले, डायल लावून ५० मिलिमीटर सरकवलं, काटा शून्यावर. झेड ५० मिलिमीटर वर ठेवून एक प्रोग्रॅम हवेत चालवला आणि मग ऑपरेटरच्या ताब्यात दिलं.

जागेचा मूळ प्रश्न राहिला होता. लिनक्सच्या ६० जीबीपैकी ३१ जीबी ट्रॅशमध्ये निघाले. पेनड्राइव्हवरून आणलेल्या फायली डिलीट होत होत्या, ट्रॅश रिकामा होत नव्हता. भाच्याला ती आज्ञा शिकवली, डीयू, कुठला फोल्डर किती खातो ते दाखवणारी. पुढं खरंच जागा लागली तर लिनक्सची सुरुवात डावीकडं सरकवायची नाही, कारण त्यात सगळा डेटा जागेवरून हलतो आणि मधेच लाइट गेली तर दोन्ही बाजू जातात. नव्या डिस्कवर शेवटी जवळपास निम्मी जागा मोकळी आहे, तिथं वेगळं पार्टिशन करून प्रोग्रॅमचा फोल्डर त्यावर माउंट करायचा. मूळ डिस्क पंधरा दिवस कपाटातच राहील. टेबलाची टेक्स्ट फाइल मेलवर पाठवली, आणि प्रिंट काढून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवली: सात ओळी, सुरुवातीचे सेक्टर आणि आकार.