नांदावयास गेली

तालुका कोर्टाचं रेकॉर्ड रूम म्हणजे एक टेबल, गरगर आवाज करणारा एक पंखा आणि छतापर्यंत लावलेले लाल कापडातले गठ्ठे. मी तिथे पाच आठवडे बसले होते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आलेले आणि निकाली निघालेले अर्ज एकेक करून वाचायचे आणि लॅपटॉपवरच्या तक्त्यात भरायचे, हे काम. एका अर्जाला एक ओळ, एका ओळीत 41 रकाने. (ओळख पटू नये म्हणून पुढचे काही तपशील मी बदललेत.)

लोक विचारतात, ही आकडेवारी पोलिसांकडे नसते का? नसते. 2005 च्या या कायद्याखाली बाई थेट मॅजिस्ट्रेटकडे कलम 12 चा अर्ज करते. त्यात गुन्हा नोंदवला जात नाही. ती मागते ते संरक्षण, राहायला घर, पैसे, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. गुन्हा होतो तो कोर्टाने दिलेला संरक्षणाचा आदेश नवऱ्याने मोडला तर, कलम 31 खाली. त्यामुळे राष्ट्रीय गुन्हे अहवालात या कायद्यासमोर दिसणारा आकडा इतका लहान असतो की वाचणाऱ्याला वाटावं, देशात सगळं आलबेल आहे. खरे अर्ज असतात ते अशा गठ्ठ्यांत.

फाईलमधला सगळ्यात खरा कागद म्हणजे रोजनामा, प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्या आणि तिथून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करा. रोजनामा म्हणतो, ‘समन्स बजावणी न होता परत.’ ‘सामनेवाले गैरहजर.’ ‘म्हणणे दाखल करण्यास मुदत.’ ‘मे. कोर्ट रजेवर.’ तारखा मोजणं हा माझा 23 वा रकाना होता. सुरुवातीला मी बोटांवर मोजायचे, नंतर पेन्सिलीने कागदावर पाचपाचच्या काड्या मारायला लागले.

शेवटचा रकाना निकालाचा. त्यात सहाच कोड: मंजूर, अंशतः मंजूर, नामंजूर, गैरहजेरीत काढला, मागे घेतला, तडजोड. सहावा कोड मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. दिवसभर मारहाणीची वर्णनं वाचल्यावर ‘तडजोड’ टाइप करताना जरा हायसं वाटायचं.

त्या गुरुवारी सकाळी 2013 चा एक अर्ज हातात आला. अर्ज, पत्ता सांगायला जोडलेली रेशनकार्डाची झेरॉक्स, अकरा तारखा, आणि शेवटी पुरशिस, म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. या कोर्टातल्या अशा पुरशिशी बहुतेक एकाच साच्यातून टाइप झालेल्या असतात, नावाची जागा कोरी ठेवून पेनाने भरलेली: ‘अर्जदार ही सामनेवाला क्र. 1 याचेसोबत नांदावयास गेली असून उभयतांमध्ये आता कोणताही वाद राहिलेला नाही. सबब अर्ज चालविणे नाही.’ खाली सही, त्याखाली ‘पुरशिस वाचली. अर्जदारास विचारले, मान्य केले. अर्ज निकाली.’ कोड 6. पुढची फाईल.

डबा खाऊन झाल्यावर 2016 चा गठ्ठा सोडला. तिसऱ्या की चौथ्या फाईलमध्ये रेशनकार्डाची झेरॉक्स होती आणि शिक्क्याच्या शेजारी शाईचा एक डाग, चिंचोक्याएवढा, एका बाजूला शेपूट फुटलेला. हा डाग मी सकाळी पाहिला होता. माझा आधी विश्वास बसेना, म्हणून सकाळची फाईल परत काढली. दोन्ही कागद शेजारी ठेवले. तोच डाग.

अर्जदाराचं नाव मात्र वेगळं. 2013 च्या अर्जात लग्नानंतर सासरी ठेवलेलं नाव होतं, 2016 च्या अर्जात माहेरचं. वकीलही बदललेले. पण नवरा तोच, मुलगा तोच, फक्त तीन वर्षांनी मोठा. सही माहेरच्या नावाची असली तरी अक्षर तेच, रफार शिरोरेघेच्या खूप वर उडालेला. या अर्जाच्या शेवटीही पुरशिस होती. साचा तोच. नांदावयास गेली असून.

मी आमच्या तक्त्यात बघितलं. दोन ओळी, दोन अर्जदार, दोन तडजोडी. यशस्वी.

रेकॉर्ड सांभाळणारे साहेब शेजारीच मागणी-अर्जांच्या नकला काढत होते. विचारलं, “साहेब, ही बाई परत आली होती?”

त्यांनी मान वर न करता सांगितलं, “येतातच मॅडम. नांदायला जातात, परत येतात. नवा अर्ज, नवा नंबर. जुन्याचा उल्लेख वकील करतील तर करतील.”

“मग तिसऱ्यांदाही आली असेल?”

आता त्यांनी चष्मा काढला. उठून 2019 चं रजिस्टर आणलं, नवऱ्याच्या आडनावावरून बोट फिरवत गेले आणि दहा मिनिटांत फाईल माझ्या टेबलावर होती. ही पूर्ण चाललेली. साक्ष झालेली, उलटतपास झालेला. उलटतपासात सामनेवाल्याच्या वकिलाने तिला विचारलं होतं, ‘तुम्ही यापूर्वी दोनदा स्वखुशीने नांदावयास गेलात हे खरे आहे काय?’ उत्तर एका शब्दाचं: ‘होय.’ म्हणजे ज्या दोन पुरशिशी आमच्याकडे यश म्हणून जमा होत्या, त्याच इथे तिच्याविरुद्ध काढल्या गेल्या होत्या. तरी अर्ज अंशतः मंजूर झाला. तिला दरमहा 2,500, मुलाला 1,500.

“मंजूर लिहिताय?” साहेबांनी विचारलं. “लिहा. पैसे आले का ते इथे नाही दिसणार. वसुलीचे अर्ज वेगळे.” ते अर्जही त्यांनी काढून दाखवले, तीन होते. वॉरंट निघालं की थोडे पैसे भरायचे, सुटायचं, पुन्हा थकवायचं. शिवाय सासरच्या छळाची, तेव्हाच्या दंडविधानातल्या 498-अ ची केस असेल तर ती निराळ्या नंबरावर, घटस्फोटाचा अर्ज वरच्या कोर्टात. एका घरातलं भांडण आणि चार रजिस्टरं, त्यातलं एकही दुसऱ्याला ओळखत नाही.

‘नांदणे’ हा आपल्याकडचा किती चांगला शब्द. लग्नात आशीर्वाद द्यायचा तो हाच. पण तिथे, त्या टेबलावर, मला तो पहिल्यांदा नीट वाचावासा वाटला. ‘नांदते’ नाही, ‘नांदावयास गेली’. गेली एवढंच कोर्टाला माहीत. पुढचं आमच्या रकान्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याला आम्ही तडजोड म्हणत होतो.

संध्याकाळी प्रकल्पाच्या प्रमुखांना फोन केला. म्हटलं, “सर, ओळ म्हणजे बाई नाही. आपण बायका मोजतोय असं समजतोय आणि मोजतोय नंबर.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पण नावं आपण घेत नाही. घेणार नाही असं लिहून दिलं म्हणून तर परवानगी मिळाली. नावांशिवाय जोडणार कसं?” त्यांचं बरोबर होतं. या बायकांची नावं कोणाच्या लॅपटॉपमध्ये फिरता कामा नयेत, यावर मी स्वतः त्यांच्याशी कधीकाळी तावातावाने बोलले होते. जी गुप्तता त्यांना जपते, तीच त्यांचं परत येणं पुसून टाकते, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

तोडगा साधाच निघाला. जोडणी रेकॉर्ड रूममध्येच करायची, मूळ कागद समोर असताना. 42 वा रकाना: पूर्वीचा अर्ज आहे का, असल्यास त्याच्या ओळीचा क्रमांक. नाव कुठेच नाही. आणि तडजोडीचे दोन तुकडे: लेखी अटी ठरल्या ती वेगळी, नुसती ‘नांदावयास गेली’ ती वेगळी. सांगायला सोपं. पण भरून झालेल्या दोनशेच्या वर फाईली परत सोडायच्या होत्या, आणि मुदत वाढवून मिळणार नव्हती. चरफडत झोपले.

शुक्रवारी गेले तर टेबलावर चार फाईली आधीच काढून ठेवलेल्या.

“एकाच बाईच्या आहेत,” साहेब म्हणाले. “रात्री आठवलं. नावावर जाऊ नका मॅडम, नाव बदलतं. सासरचा पत्ताही बदलतो, भाड्याची खोली असते. माहेरचा पत्ता बघा. तो कुणी बदलत नाही.”

चारही अर्जांवर ‘हल्ली मुक्काम’च्या पुढे एकच गाव होतं. सगळ्यात खालची फाईल 2009 ची होती.