आमची वाटचाल: मुशीपासून मुठीपर्यंत

आमच्या विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला कुठल्या कुठल्या गावी गेली, त्याला गणती नाही. मी 1994 साली ओमानमध्ये मस्कतला गेलो, मामांच्या भट्टीवर; खंजराच्या मुठींकडे वळलो ते नंतर. मस्कतच्या मत्राह भागातल्या सूकमागच्या (बाजारामागच्या) बोळात एक खोली, दोन मुशी आणि दिवसभर तेजाबाचा वास. जुने दागिने यायचे, मारिया थेरेसाचे रुपये (ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाची चांदीची नाणी) यायचे. 28 ग्रॅमचं, 833 टंचाचं (हजारात 833 भाग चांदी) ते नाणं. कधीही पाडलेलं असो, साल 1780च. गाळायचं, चांदी हातावर ठेवायची, मोकळं व्हायचं.

खंजराच्या कामात पडलो ते स्वतःच्या चुकीमुळे. 1999च्या ईदच्या आधी एक गृहस्थ खंजर (ओमानी पुरुष कमरेला बांधतात ती वाकडी कट्यार) घेऊन आले. मुठीच्या बुडाचं चांदीचं कडं सुटलं होतं. ईदेला ओमानी माणूस खंजराशिवाय बाहेर पडत नाही, त्यामुळे घाई. मूठ न काढताच मी डाग द्यायला (चांदी सांधायला) फुंकणी लावली. केस जळल्याचा वास आला आणि बघता बघता मुठीचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. मूठ जराफची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. जराफ म्हटल्यावर मला आधी जिराफच वाटला. अरबाबनं (आमचे ओमानी भागीदार) डोक्याला हात लावला तेव्हा कळलं की तिकडे जराफ म्हणजे गेंड्याचं शिंग, आणि खंजराची किंमत पात्यात नसते, मुठीत असते.

तो खंजर घेऊन आम्ही निझवा या ओमानमधल्या जुन्या गावी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी मूठ उन्हात धरली, भिंग लावलं आणि म्हणाले, "ही तर म्हैस!" गेंड्याच्या शिंगाचा काप पाहिला तर केसांची जुडी कापल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. म्हशीच्या शिंगाला थर असतात, ताप लागला की ते सुटतात. नुकसान एकदम हलकं झालं, पण त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. मूठ जळल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं.

पुढे वर्षभर दर शुक्रवारी निझवाला जात राहिलो. सकाळी किल्ल्याजवळचा बकऱ्यांचा बाजार बघायचा (थेट आटपाडीची आठवण यायची), मग उस्तादांसमोर बसायचं. चांदीची तार जंतरातून (भोकांच्या पट्टीतून) ओढत ओढत केसासारखी करायची, तिचे इवलेसे खिळे तोडायचे, शिंगाला सुईएवढी भोकं पाडून ते एकेक ठोकत फूल भरायचं. हात जरा जड पडला की शिंग तडकतं. आत राळ ओतून पातं बसवायचं ते सगळ्यात शेवटी. सईदी खंजराची वळणदार मूठ मला दोन वर्षं जमली नाही. तिचं वळण ओमानचे जुने सुलतान सय्यद सईद यांच्या बेगमेनं ठरवलं असं सांगतात, म्हणून ती सईदी.

2007 साली अरबाबच्या भागीदारीत स्वतःचं दुकान टाकलं. नवी मूठ आम्ही म्हशीच्या शिंगाची करतो, नाहीतर चंदनाची. गेंड्याला हात लावत नाही. 1970च्या दशकात सौदीतल्या कमाईचा पैसा येमेनमध्ये खेळू लागला, जो तो जंबियाला (तिकडच्या खंजराला) गेंड्याची मूठ मागू लागला आणि आफ्रिकेतल्या गेंड्यांचा फडशा पडला. उत्तर येमेननं 1982 साली आयात बंद केली. आता येमेनच्या राजधानीत, सनामध्येही बहुतेक मुठी म्हशीच्याच, आणि ते शिंग भारतातून जातं. चंदन मला मनापासून आवडतं. हाताच्या उबेनं मूठ वास सोडते. प्लॅस्टिकची मूठ मात्र आम्ही करत नाही, स्वस्तातलं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

बिलावर मूठ कशाची ते अरबीत स्पष्ट लिहितो. गेंड्याचं म्हणून खपावं यासाठी "नुसतं शिंग लिहा" असा आग्रह करणारे दरवर्षी दोन-तीन भेटतात. 2022मध्ये युनेस्कोनं ओमानच्या खंजराला वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून दुरुस्तीला येणारे जुने खंजर वाढलेत आणि हा आग्रहही वाढलाय. आम्ही म्हैसच लिहितो.

गेल्या बेंदराला गावी होतो. भावाच्या खिलार बैलांची शिंगं तासायला माणूस आला होता. त्याच्या हातातली कानस घेतली आणि एक शिंग टोकापर्यंत उतरवून तेल लावलं. त्यानं शिंगावरून बोट फिरवलं. "कुठं शिकलात?" म्हणाला. मस्कतला म्हटल्यावर त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.