डाळ मिलसाठी कॉम्प्रेसर बघताना

आज दिवसभर जळगाव एमआयडीसीत स्क्रू कॉम्प्रेसरची कोटेशनं गोळा केली. सगळे एचपीवरच बोलतात. अरे भाऊ, मला मोटर नाही, हवा विकत घ्यायचीये! किती बारला (म्हणजे किती दाबाला) किती सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा), ते सांग ना. आमच्या कलर सॉर्टरला, म्हणजे रंग बघून खराब डाळ हवेच्या फटक्याने उडवणाऱ्या मशीनला, 7 बारचं कॉम्प्रेसर भरपूर झालं, तरी एक जण 10 बारचं गळ्यात मारत होता. प्रेशर 1 बारने वाढवलं की वीज साधारण 7 टक्के जास्त. बिल तो भरणारे का?

व्हीएफडी, म्हणजे मागणीप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं मशीन, घ्यायचं नक्की. आमची हवेची मागणी सारखी वरखाली होते, आणि साधं मशीन अनलोडवर, म्हणजे हवा न देता, नुसतं फिरलं तरी बरीच वीज खातं. ज्यांचं दिवसभर फुल लोडवर चालतं, त्यांनी मात्र जादा पैसे कशाला घालावेत?

कामाचं बोलला तो एक म्हातारा मेकॅनिक. शेजारच्या मिलमध्ये नेऊन त्याने चालू मशीन बंद करायला लावलं, कव्हर काढलं आणि आतल्या, मशीन थंड ठेवणाऱ्या कूलरवरून बोट फिरवलं. तुरीचा भुसा तेलात कालवून नुसता लेप बसलेला! "मे महिन्यात इथं 45 डिग्री. त्यात हा थर. ट्रिप नाही होणार तर काय? आधी खोली दाखवा, मग मशीन सांगतो."

हवेतलं पाणी काढणारा ड्रायरही 45 डिग्रीच्या हिशोबानेच घ्या म्हणाला, नाहीतर पाणी थेट सॉर्टरच्या व्हॉल्व्हमध्ये.

उद्या गरम हवेचा डक्ट पत्र्याबाहेर काढायला फॅब्रिकेटर येतोय. धुळे-नंदुरबारकडे कोणाचं व्हीएफडी मशीन असेल तर उन्हाळ्यात कसं चालतं, सांगा भो.