पगाराआधी आई-बाबांचा व्हिसा बघा

पुण्यात परदेशाचा विषय निघाला की आधी तिथल्या पगाराचे रुपये केले जातात. हा हिशेब फसवतो, कारण खर्चही तिथल्याच चलनात होतो. जर्मनीचं बघा. घराच्या जाहिरातीतलं ‘काल्टमिटं’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी धरून ‘वार्ममिटं’ होतं, आणि वीज-इंटरनेट बहुधा वेगळं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्यापर्यंत. सरकारी आरोग्य विम्याला पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी जादा वर्गणी जाते, त्यातलं निम्मं कंपनी भरते. हे सगळं कापून हातात काय उरतं, ते मांडा. पोळ्यावाल्या मावशी तिथे नसतात; स्वयंपाक नि धुणंभांडी स्वतःच्याच संध्याकाळी खातात, हेही धरा. पण पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जाणारे तास आठवले तर तिची किंमत कळते.

माझ्या लेखी सगळ्यांत जड पारडं आई-बाबांचं. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक, भेट व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत, पण त्याला आरोग्य विमा आणि मुलांच्या उत्पन्नाची अट आहे.

नागरिकत्वाचं म्हणाल तर भारतात दुहेरी चालत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर कोथरूडला फ्लॅट घेता येतो, मुळशीत शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने आलेली मात्र ठेवता येते. त्यामुळे गावाकडे जमीन घ्यायचा विचार असेल, तर पासपोर्ट बदलण्याआधी घरात बोलून घ्या.