लाकडी बदक आणि त्याची न वाळणारी छाती

‘आता रंग वाळू द्या,’ असं व्हिडिओवाले म्हणतात आणि पुढच्या क्षणाला रंग वाळलेला असतो. हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं माझं.

मी अमेरिकेत मेरीलँडला राहतो. इथे चेसापीक उपसागरात शिकारी पूर्वी लाकडी बदकं पाण्यावर सोडून खऱ्या बदकांना भुलवत. त्यांना म्हणतात डिकॉय. हॅव्हर डी ग्रेसला त्यांचं संग्रहालयच आहे. तिथले नावाजलेले कारागीर मॅडिसन मिचेल अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचे, क्रिसफिल्डचे वॉर्ड बंधू न्हावी. म्हटलं, आपणही नोकरी सांभाळून एक कॅनव्हासबॅक जातीचा बदक-नर करू. जुन्या धाटणीचा, वापरून झिजल्यासारखा.

कोरीवकाम मजेत झालं. पांढरं सीडर मऊ असतं. आधी कुऱ्हाड, मग कानस. डोकं वेगळं करून बसवतात. चोच लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच ठेवा, नाहीतर पहिल्या धक्क्याला तुटते.

मग रंग. ॲक्रिलिक लवकर वाळतो, पण प्लास्टिकसारखा दिसतो, म्हणून ऑइल पेंट. डोक्याला बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना हे तपकिरी रंग, ते बघता बघता वाळलं. छातीला लॅम्प ब्लॅक हा काळा, आणि तिथे घोडं अडलं. रोज ऑफिसातून आलो की बूट न काढता बेसमेंटात. करंगळी टेकवायची, करंगळी काळी. बायको म्हणाली, “अरे, तीट कुणाला लावतोयस?” हीटर लावला, तरी चिकट. पंखा लावला, तर धूळ येऊन बसली. रंगाच्या दुकानात विचारलं तर उत्तर एकच: थांबा. अरे, पण किती?

कारण नंतर वाचलं. ऑइल पेंटमधलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबरमधलं मँगनीज त्याला घाई करायला लावतं. लॅम्प ब्लॅक म्हणजे नुसती काजळी. ती तेल भरपूर पिते आणि घाई कसलीच नाही. सरळ टर्पेंटाइनने सगळं पुसलं. बर्न्ट अंबरमध्ये प्रशियन ब्लू कालवून काळा तयार केला, पातळ हात दिला. आठवडा संपायच्या आत खडखडीत! एकटाच नाचलो बेसमेंटात.

हां, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा.

झीज आणताना सगळीकडे पॉलिश पेपर फिरवलात तर नकलीपणा लगेच कळतो. हात आणि दोऱ्या लागतात तिथेच लाकूड उघडं करा: माथा, चोचीचं टोक, शेपटी. त्याआधी रंग पक्का हवा, नाहीतर त्याच्या गुठळ्या निघतात. शेवटचा हात देताना तेल कमी, टर्पेंटाइन जास्त. चकाकी दिसली की खरी बदकं बिचकायची.

आणि पोटाखाली नाव-साल टाकाच. 2007 मध्ये जुने कारागीर एल्मर क्रोवेल यांचे दोन डिकॉय प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या वर गेले, तेव्हा उद्या कुणी आपलंही ‘जुनं’ म्हणून खपवायला बसेल. मी तापलेल्या सळईने डागलंय. शाई काय, पुसता येते.