शुक्रवारची बाही

आज संध्याकाळी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आमच्या कोपऱ्यावरच्या 'चिपी'चं, म्हणजे फिश अँड चिप्सच्या (तळलेला मासा आणि बटाट्याचे तळलेले काप) दुकानाचं, शटर खाली होतं. वर हाताने लिहिलेला कागद: दुकान कायमचं बंद.

शेजारच्या आजी माझ्याआधीच तिथे उभ्या होत्या. म्हणाल्या, "लहानपणी दर शुक्रवारी आई मला घरचं पातेलं देऊन इथे पाठवायची, शिजवलेल्या वाटाण्यासाठी. येताना पातेलं इतकं तापलेलं असायचं, की स्वेटरची बाही ओढून धरायचे."

ती ओढलेली बाही काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात इथे लोणी, साखर, मटण सगळं रेशनवर गेलं. फिश अँड चिप्स मात्र कधीच नाही. इतकं ते लोकांच्या पोटाचं होतं. इथे यॉर्कशरमध्ये अजूनही बरेच दुकानदार गाईच्या चरबीत तळतात आणि मागितलं तर तळणातला कुरकुरीत चुरा, 'स्क्रॅप्स', वरून घालून देतात. पहिल्या हिवाळ्यात तो खाताना मला आईच्या भज्यांच्या ताटात उरायचा तो चुरा आठवला होता. तेव्हापासून हे दुकान माझंही झालं.

समोरचा पब आधीच गेला. तिथे आता फ्लॅट आहेत.

"मग आता शुक्रवारी कुठे जायचं?" आजींनी विचारलं.

मी त्यांची रिकामी पिशवी हातात घेतली. तुम्ही काय सांगितलं असतं?